दुखण्याचं पान

“दोन,” सिस्टर लोंढे म्हणाल्या. “अजून दोनच.”

शिलानचं बोट तक्त्याच्या दुसऱ्या ओळीवर होतं. तळहात खालच्या दोन ओळींवर आडवा पडला होता, आणि ती सिस्टरकडे बघून हसत होती. मे महिन्याची दुपार, पंखा स्वतःच्याच धुंदीत कुरकुरतोय, कपाळावरून घाम कानात ओघळतोय, पहिलं बाळंतपण, माहेर तीन हजार किलोमीटर लांब. आणि ही बाई हसतेय.

“सिस्टर, तिला जरा नीट विचारा ना.”

“ताई, तक्ता तुमचाच ना? तुमचेच सर आणून देऊन गेले ना? तीन आल्याशिवाय डॉक्टरांना वर बोलवायचं नाही, असं ठरलंय. खाली पेंढारकर मॅडमपुढे बत्तीस बायका बसल्यात.” त्यांनी शिलानचं पोट चाचपलं, बाळाचे ठोके ऐकले. “ठोके छान आहेत. मी दोन घास खाऊन येते.”

“सुपास,” शिलान म्हणाली. म्हणजे आभारी आहे.

सिस्टर गेल्या. मी तक्त्याकडे पाहिलं. तो माझाच होता, नाकारायची सोयच नव्हती. अक्षर माझं, मांडणी माझी, वर लॅमिनेशनही मीच करून आणलेलं. फक्त अक्कल टिल्लू सरांची होती.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. गुहागरहून इंग्रजीची एम. ए. होऊन पुण्यात आले होते, सुमनआत्याकडे राहत होते आणि टिल्लू सरांच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवत होते. शिकवत होते म्हणजे सर बोलायचे आणि मी फळा पुसायचे. प्राध्यापक टिल्लू हे मे महिन्यातही मफलर बांधणारे गृहस्थ. मफलर हा थंडीचा नव्हे, इंग्रजीचा पोशाख आहे, अशी त्यांची समजूत असावी.

इराकच्या उत्तरेकडच्या कुर्दी भागातून त्या काळात पुण्यात बरीच मुलं शिकायला यायची. त्यातली दहा-बारा आमच्या क्लासला होती. त्यांना बघून सरांना पुस्तक सुचलं. नाव ‘सोयरे शब्द’. अर्थानं जवळजवळचे इंग्रजी शब्द घ्यायचे, एकाखाली एक चढत्या भाजणीनं मांडायचे, आणि प्रत्येकासमोर कुर्दी शब्द.

“शब्दांनाही भाऊबंदकी असते, मिस खांबेटे,” सर म्हणायचे. “कोण थोरला, कोण धाकटा, हे एकदा ठरवून दिलं की भांडणं मिटतात.”

सरांचे नियम तीन. एका शब्दाला एकच शब्द. शब्द सभ्य पाहिजे. आणि एकही रकाना मोकळा ठेवायचा नाही, कारण मोकळा रकाना म्हणजे अज्ञानाची जाहीर कबुली.

कुर्दी शब्द पुरवायचा हेमिन. सुलेमानियाचा, संगणकशास्त्र शिकायला आलेला, इतका सज्जन की दारातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी उठून उभा राहायचा. क्लासचा शिपाई झाडू घेऊन आला तरी उभा. त्याची बायको शिलान त्याच्यासोबत यायची, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत कोपऱ्यातल्या बाकावर बसायची आणि शेंगा फोडून खायची. दोघं आत्याच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. म्हणजे दवाखान्यात सोबत माझीच.

पाहुण्यांच्या पानावर पहिली ठिणगी पडली.

“गेस्ट?” सरांनी विचारलं.

“मेवान,” हेमिन म्हणाला.

“व्हिजिटर?”

“तोही मेवान.”

“एकाला एकच! बरं, स्ट्रेंजर?”

“बियानी. पण दाराबाहेर असेल तोवरच. आत आला की मेवान.”

“अहो, पण एक ओळखीचा, एक अनोळखी!”

“सर, आत आला ना?” हेमिननं शांतपणे विचारलं. “मग आता तो अनोळखी कसा?”

सरांनी मफलर सैल केला. त्या पानावर नाइलाजानं दोन रकान्यांत एकच शब्द गेला आणि सरांना दोन दिवस झोप नव्हती.

मग आलं दुखण्याचं पान.

“डिसकम्फर्ट?”

“नाराहती.”

“एक? म्हणजे हेडेकमधलं.”

“एश.”

“पेन?”

“आझार.”

“सर! आपल्याकडेही आजार!” मी ओरडले.

“मिस खांबेटे, आपण इथे नातीगोती शोधायला बसलेलो नाही,” सर म्हणाले. पुस्तकाचं नाव ‘सोयरे शब्द’ असताना. “हं, अ‍ॅगनी?”

 हेमिनचे कान हळूहळू लाल होत गेले. “झान,” तो टेबलाला म्हणाला. “पण सर, तो जास्त करून बायकांचा. बाळंतपणातला.”

“सभ्य आहे ना?”

“सभ्य आहे. फक्त मोठ्यानं कुणी म्हणत नाही.”

“लिहा, मिस खांबेटे.”

कोपऱ्यातून शिलान कुर्दीत काहीतरी म्हणाली आणि शेंगांची टरफलं उडतील इतकी हसली.

“काय म्हणतात त्या?” सरांनी विचारलं.

हेमिनचे कान आता जांभळे. “ती म्हणते, पान छान आहे.”

ती खरं काय म्हणाली हे मला तीन आठवड्यांनी कळलं, आत्याच्या स्वयंपाकघरात. “दोन पुरुष आणि एक कुमारिका मिळून बाळंतपणाचं काय लिहितात, ते आता बघू या.”

शिलानचं इंग्रजी बेतास बात होतं. मराठी तिनं आत्याकडून उचललेलं, त्यामुळे त्यात क्रियापदं कमी आणि धाक जास्त. “बास”, “पुरे”, “घे”, “लाजू नको”. बदल्यात ती आम्हाला पुस्तकात न येणारे शब्द शिकवायची. ‘मालवेरान’ हा तिचा लाडका. ज्याच्या घराचं वैराण झालं तो.

“म्हणजे आपलं तळपट होवो तुझं!” आत्या खूश. तिनं लगेच ‘मेल्या’ आणि ‘मुडद्या’ अशी परतफेड केली. शिलाननं ते हेमिनवर वापरून पाहिले आणि उच्चार सुधारून घ्यायला संध्याकाळी परत वर आली. सोयरे शब्द, भाग दुसरा. अप्रकाशित.

सुमनआत्याबद्दल सांगायला हवं. आग्रह करणं हा तिचा धर्म होता, आणि आग्रह करून घेणं हा त्याहून कडक धर्म. तिचं पित्ताशय फुटलं तेव्हा घरी आलेल्या डॉक्टरांना ती म्हणाली होती, “किंचित टोचतंय हो. तुम्ही आधी चहा घ्या.” डॉक्टरांनी चहा घेतला. पुढचे बारा दिवस ती अतिदक्षता विभागात होती.

एप्रिलमध्ये तिनं दोघांना आमरसाला बोलावलं. पहिल्या वाटीनंतर ती पळी घेऊन आली तर शिलाननं वाटीवर तळहात आडवा धरला. “पुरे.”

“अगं, घे गं थोडं.”

“ना. सुपास.”

“आपलंच घर आहे. लाजू नकोस. तुला नको तर पोटातल्याला घे.”

हात वाटीवरून सरकला. त्यानंतर शिलाननं चार वाट्या रस खाल्ला. हेमिनला दुसरी वाटी मिळाली नाही.

“ही आपल्यातलीच गं!” पाहुणे गेल्यावर आत्या मला म्हणाली. तिचे डोळे खरंच पाणावले होते. “पहिल्याच वेळी हो म्हणणारा मला हावरट वाटतो, आणि तिसऱ्या वेळीही नाही म्हणणारा माजोरडा. या पोरीचं वळण बघ.”

(थांबा. माझी लेक उठली वाटतं. नाही, नुसतीच कूस बदलली. चला, अजून पंधरा मिनिटं आहेत.)

दुखण्याचं पान दवाखान्यात कसं गेलं, तर ज्या प्रसूतिगृहात शिलानचं नाव घातलं होतं तिथल्या डॉक्टर पेंढारकर या सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांच्याकडे आणखीही दोन-तीन कुर्दी बायका यायच्या. सर स्वतः गेले आणि म्हणाले, भाषेची अडचण मी सोडवून देतो. बाईनं फक्त बोट ठेवायचं. चार ओळी, चार आकडे. तीनला डॉक्टरांना बोलवा. डॉक्टरांना कल्पना पटली. छापण्याआधीच पानाचा उपयोग झाला म्हणून सरांनी क्लासला पेढे वाटले.

आणि आता त्या पानाच्या दुसऱ्या ओळीवर शिलानचं बोट दीड तास हललं नव्हतं. हेमिनची त्या दिवशी तोंडी परीक्षा होती. ती टळणारी नव्हती आणि बाळही टळणारं नव्हतं. सकाळी निघताना तो मला म्हणाला होता, “नेत्रा, आज तूच तिची आई.” मी त्याला म्हटलं, काळजी करू नकोस, तक्ता आहे.

कळ आली. शिलानचा डावा हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर होता, तो पांढराफटक पडला. दांडीचा निळा रंग तिच्या नखांत गेला. कळ ओसरल्यावर तिनं उशीखालचा बिस्किटांचा पुडा माझ्याकडे सरकवला.

“घे,” ती म्हणाली. “तू जेवली नाही.”

“शिलान, फार दुखतंय का गं?”

तिनं मान हलवली. बोट दोनवर. मी तक्ता जवळ ओढायला गेले तर तिनं तळहात आणखी घट्ट दाबला, खालच्या दोन ओळींवर, बोटं जुळवून, अंगठा जरा वर.

हा हात मी कुठेतरी पाहिला होता.

पुढची कळ लगेचच आली. आधीची पुरती गेलीही नव्हती. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या, ओठ दातांखाली गेला, आणि तरी तो हात जागचा हलला नाही. तेव्हा मला आत्याची पळी दिसली. आमरसाची वाटी दिसली. 

सिस्टर दर अर्ध्या तासानं विचारत होत्या. पण दर वेळी एकदाच. मीसुद्धा एकदाच. सभ्य माणसानं पहिल्या पळीला हो म्हणायचं तरी कसं?

मी पलंगाशेजारी गुडघे टेकून बसले. काय करतेय हे मलाही नीट कळत नव्हतं. फक्त आवाज आत्याचा काढला.

“शिलान, अगं, थोडं अजून?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “पुरे,” ती म्हणाली. मराठीत.

“एवढंसंच? असं कसं? माझ्यासाठी तरी.”

“ना.” आवाज चिरकला. “सुपास.”

दोन झाले.

“हे बघ, आपलंच घर आहे. यजमानीण मी आहे. तू अशी लाजलीस तर मला वाईट वाटेल हं. घे.”

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी भरलं. हात सरकला. बोट तिसऱ्या ओळीवर थांबलंसुद्धा नाही. चौथीवर गेलं, तिथून तक्त्याच्या खाली उतरलं आणि चादरीवर आलं.

“झान,” ती म्हणाली. अगदी हळू, चारचौघांत म्हणतात तसं. मग श्वास घेतला, आणि त्यानंतर हळू काहीच नव्हतं. “मालवेरान!” तिनं हेमिनचं घर पाडलं. मग हेमिनच्या बापाचं. मग ज्यानं परीक्षेची तारीख ठरवली त्याचं. ‘टिल्लू’ हा शब्दही मला स्पष्ट ऐकू आला, पुढे ‘मेल्या’ लावून.

मी धावले. सिस्टर लोंढे व्हरांड्याच्या टोकाला डबा उघडून बसल्या होत्या.

“चार!” मी किंचाळले.

“चार कसे? आत्ता दोन होते!”

“तुम्ही एकदाच विचारलंत!”

“मग किती वेळा विचारायचं?”

“तीनदा!”

मला वेड लागल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून शिलानचा आवाज आला, आणि सिस्टरच्या हातातला घास डब्यात पडला. अर्ध्या मिनिटात त्या खोलीत होत्या. पुढच्या क्षणी जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडल्या, “मॅडम, वर या! ठोके उतरलेत! पळत या!”

पेंढारकर मॅडम दोन-दोन पायऱ्या चढत आल्या. मला बाहेर काढलं. दार लागलं.

मी त्या दाराबाहेर तक्ता छातीशी धरून उभी राहिले. लॅमिनेशनवर तिच्या नखाच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, सगळ्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळींवर. दीड तासाच्या. आतून आज्ञा ऐकू येत होत्या. मग तिचा आवाज. मग एकदम काहीच नाही. मी आयुष्यात कधी नवस बोलले नव्हते. त्या शांततेत गुहागरच्या व्याडेश्वराला काय काय कबूल केलं ते अजून पूर्ण फेडून झालेलं नाही.

आणि मग बाळ रडलं. रडलं कसलं, भांडलं.

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी हातमोजे काढले. “मुलगी आहे. दोघी ठीक आहेत. नाळ मानेला दोन वेढे घेऊन होती. निळी होऊन आली.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हिला थोडंसंच दुखतंय, असं कोण म्हणालं?”

मी तक्ता पुढे केला.

त्यांनी तो वाचला. तळाशी ‘प्रा. टिल्लू’ अशी सही होती. “सरांनी मला दहावीला शिकवलंय,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही त्यांना उत्तर पहिल्याच फटक्यात हवं असायचं.”

पाच वाजता हेमिन टायसकट धावत आला. आत गेला आणि सवयीनं पाळण्यापुढेही उभाच राहिला. शिलाननं त्याला जवळ बोलावलं आणि कुर्दीत एक लांबलचक वाक्य ऐकवलं. त्याचे कान लाल झाले.

“काय म्हणते?” मी विचारलं.

तो रडत होता, हसतही होता. “ती म्हणते, पान छान आहे.”

मुलीचं नाव लाना ठेवलं. लाना म्हणजे घरटं. एका दुपारी इतकी घरं पाडून झाल्यावर काहीतरी बांधणं भागच होतं.

शिलानला मी एकदा विचारलं, का गं नाही सांगितलंस? तिला प्रश्नच कळला नाही. “सिस्टर दमली होती,” ती म्हणाली. “मी तिच्या घरी. ती विचारायची आणि निघायची. मी कशी सांगणार?”

टिल्लू सरांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पान हातात घेऊन चारही शब्द दोनदा तपासले. “पानात चूक नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, नाहीच सर. यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रुफं माझ्या टेबलावर आली. दुखण्याच्या पानाखाली त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ वाढवली होती: ‘सूचना: यजमानांनी किमान तीन वेळा विचारावे.’

यजमानांनी. डॉक्टरांनी नाही, परिचारिकेनं नाही. मी ती चूक सरांना दाखवली नाही. तशीच छापली.

गेल्या वर्षी बाळंतपणाची पाळी माझ्यावर आली. दवाखाना वेगळा, सिस्टर वेगळ्या, पण घाई तीच. “दुखतंय का हो?” त्यांनी दारातूनच विचारलं. “थोडंसं,” मी म्हटलं. “तुमचं चालू द्या.” त्या गेल्या. मी उशीचा कोपरा दातात धरला.

तेवढ्यात नवऱ्यानं फोन माझ्या तोंडापुढे धरला. पडद्यावर सुलेमानियातलं एक स्वयंपाकघर, शिलान, आणि तिच्या खांद्यावरून डोकावणारी, पुढचे दोन दात पडलेली लाना.

“दुखतं?” शिलाननं विचारलं. मराठीत. इतक्या वर्षांनी.

“नाही गं. थोडंसं.”

तिनं फोन तोंडाजवळ ओढला. “थोडं अजून?”

“पुरे गं,” मी म्हटलं.

“लाजू नको,” ती म्हणाली. आवाज थेट आत्याचा, पळीसकट. “आपलंच घर.”

मग मी वाटीवरचा हात काढला, आणि ‘मालवेरान’पासून सुरुवात केली.

बाहेर माझ्या सासूबाई शेजारच्या पेशंटच्या आईला कौतुकानं सांगत होत्या म्हणे, “शिकलेली आहे हो आमची सून. एवढ्या कळांतसुद्धा कसलंसं स्तोत्र म्हणतेय.”